चिमणसाखरेचा माग

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. मी हे सांगितलं नसतं तरी तुम्हाला कळलं असतं. मला सुरू केलं की माझा पंखा आधी खोकतो, मग घरघरतो, आणि बऱ्याच वेळानं माझ्या पडद्यावर उजेड येतो. तोवर माणसं चहा घेऊन येतात. गोरेगावात उत्तमरावांच्या ओसरीवर मी राहतो. माझ्या उजव्या हाताला बियाण्यांच्या बरण्यांची मांडणी आहे आणि डाव्या हाताला कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याचं पोतं. माझ्याएवढा सुगंधात राहणारा संगणक जिल्ह्यात दुसरा नसेल.

माझे भाग निरनिराळ्या ठिकाणी घडले आणि हिंगोलीच्या एका दुकानात जोडले गेले. तिथून मी एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत गेलो. तेव्हा मी नवा होतो. मुलं माझ्यासमोर बसण्यासाठी भांडत. सरांनी माझ्यावर पांढरं आच्छादन घातलं होतं आणि चपला काढल्याशिवाय माझ्याजवळ कोणाला येऊ देत नसत. पुढे माझ्यापेक्षा वेगवान संगणक आले. माझं आच्छादन त्यांना गेलं आणि मी फाटक्या नकाशांबरोबर एका कोठीत गेलो. तिथं मी चार वर्षं होतो. एका पालीनं माझ्या पाठीमागे अंडी घातली होती, एवढीच काय ती सोबत.

उत्तमरावांची मुलगी पुनम तिथं विज्ञान शिकत होती. शेवटच्या वर्षी तिनं सरांकडून मला मागून घेतलं. गावात प्रवासी जीप चालवणाऱ्या जगनच्या गाडीत दोन पोत्यांच्या मधे बसून मी गोरेगावात आलो. उत्तमरावांनी मला पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "घरात एक बंद टीव्ही हायच की. त्याला जोडीदार काहून आणला?"

पुनमनं माझ्या पोटातली धूळ ब्रशनं काढली, नवी मेमरी बसवली आणि मला पुन्हा सुरू केलं. त्या दिवशी माझा पंखा पहिल्यांदा खोकला.

पुनम आणि जिल्ह्यातल्या अकरा गावांतल्या बाया मिळून जुनं, गावठी बियाणं सांभाळतात. एकीनं मूठभर बी द्यायचं, दुसरीनं पेरायचं, पीक आलं की तिसरीला द्यायचं, असा त्यांचा रिवाज आहे. कोणतं बी कोणाकडून कोणाकडे गेलं, हे मला सांभाळायचं होतं. पुनमनं आधी माझ्यात रकाने आखले. पार्वतीबाईंनी वांग्याचं बी कोणाला दिलं, असं विचारलं की मी लगेच सांगत असे. पण त्या बाईनं पुढे कोणाला दिलं, तिनं पुढे कोणाला, आणि तिनं आणखी कोणाला, असं विचारलं की मला दर पायरीला सगळी यादी नव्यानं चाळावी लागे. पाचव्या पायरीला मला घाम फुटे. संगणकाला घाम फुटतो तेव्हा तो काही न बोलता थिजून बसतो.

मग पुनमनं इंटरनेटवरून एक ग्राफ डेटाबेस उतरवून घेतला. त्यात रकाने नव्हते, ठिपके आणि रेघा होत्या. प्रत्येक माणूस हा ठिपका, प्रत्येक वाण हा ठिपका, प्रत्येक गाव हा ठिपका. "दिलं" ही एक रेघ, "माहेर" ही दुसरी, "सासर" ही तिसरी. रेघेला दिशा असते, आणि तिच्या अंगावर साल आणि वाणाचं नावही लिहिता येतं. एका ठिपक्यावर उभं राहून मी रेघ धरून पुढच्या ठिपक्यावर जातो, तिथून पुढच्या. सगळी यादी चाळण्याची गरजच उरली नाही. बायांना हे समजावून सांगायला पुनमला एक मिनिटही लागलं नाही. ठिपक्यांची रांगोळी त्या जन्मभर काढत आल्या होत्या.

तो डेटाबेस ओपन सोर्स होता. म्हणजे तो कोणीही घ्यावा, उघडून आत पाहावं, हवा तसा बदलावा आणि पुढे द्यावा, अशी तो तयार करणाऱ्यांचीच इच्छा होती. पुनमनं हे सांगितलं तेव्हा पार्वतीबाई म्हणाल्या, "म्हंजी बियाण्यावानीच की. एकानंच धरून ठिवलं तर किडून जातंय." ओपन सोर्सचा याहून चांगला अर्थ मी अजून ऐकलेला नाही.

पार्वतीबाई आमच्यातल्या सगळ्यात वडील. त्यांच्याकडे ज्वारीचा एक वाण होता, चिमणसाखर नावाचा. हुरड्याला इतका गोड की शेतात चार जातींची कणसं असली तरी चिमण्या आधी याच्यावर बसत. पार्वतीबाईंच्या शेजारी खतीजाबी राहतात. त्या बांगड्या भरतात. गावातल्या तीन पिढ्यांच्या नवरीमुलींचे चुडे त्यांनीच भरले आहेत. दोघी चाळीस वर्षांच्या मैत्रिणी. माझ्यात माहिती भरायची असली की दोघी बरोबर येत, शेजारी शेजारी बसत आणि साल आठवताना एकमेकींना खोडून काढत. "भूकंपाच्या सालचा पाऊस" आणि "पूल वाहून गेला तो उन्हाळा" यांची सालं काढता काढता पुनमची वही भरून जाई.

आता मी तुम्हाला यंदा काय झालं ते सांगतो.

पोळा झाला. पेरणी तोंडावर आली, म्हणून पार्वतीबाईंनी चुलीवर टांगलेली चिमणसाखरेची कणसं उतरवली आणि अंगणात बाजेवर ऊन द्यायला ठेवली. त्या पाणी आणायला गेल्या. खतीजाबींची चांदणी नावाची शेळी मोकळी होती. पार्वतीबाई परत आल्या तेव्हा बाजेवर कणसं बांधलेली नुसती सुतळी होती आणि बाजेखाली चांदणी रवंथ करत होती. घरात दुसरं कणीस नव्हतं. बरणीतलं बी मागच्या पावसात बुरशीनं गेलं होतं आणि नवं भरायचं राहून गेलं होतं.

पार्वतीबाई रागावल्या नाहीत, हेच वाईट झालं. त्या फक्त बोलायच्या थांबल्या. खतीजाबी दारात गेल्या की त्या आत जात. मधल्या भिंतीवरून वाटी जायची-यायची, ती बंद झाली. ओसरीवर एकजण आली तर दुसरी येईना. नवव्या दिवशी खतीजाबी एकट्या आल्या, माझ्या समोरच्या स्टुलावर बसल्या आणि पुनमला म्हणाल्या, "शेळी मी विकून टाकीन बेटी, पण त्यानं बी येनार न्हाई. तुझ्या या डब्यात बघ. पार्वतीनं उभ्या जिंदगीत कोनाला तरी दिलं आसंल. दसऱ्याच्या आत बी मिळालं तर ती माझ्याशी बोलंल. न्हाई तर कायकू बोलंल?"

दसऱ्याला सतरा दिवस होते. त्यानंतर जमिनीत ज्वारी उगवण्याइतकी ओल राहिली नसती.

पुनमनं मला विचारलं: पार्वतीबाईंपासून निघ, ज्या रेघेवर चिमणसाखर लिहिली आहे तीच धर, आणि कितीही पायऱ्या लागल्या तरी शेवटपर्यंत जा. मी डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच नऊ ठिपके दाखवले. मला फार अभिमान वाटला. पुनमनं एकेकीला फोन लावले. सहाजणींनी ती ज्वारी कधीच सोडली होती. त्यांच्या शेतात आता सोयाबीन आणि हळद होती. एकीचं बी उंदरांनी नेलं होतं. एकीनं सांगितलं की शेवटची कणसं पाहुण्यांनी हुरड्यात खाल्ली आणि फार तारीफ केली.

नववा ठिपका शेवंताचा होता. ही पार्वतीबाईंच्या समोरच्या घरातली मुलगी. भूकंपाच्या पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, तेव्हा पार्वतीबाईंनी तिच्या पदराला चिमणसाखरेची पुरचुंडी बांधली होती. सासर डोंगरकडा, आमच्या अकरा गावांतलंच एक. पुढे तिचे आईवडील वारले, भाऊ गाव सोडून गेला आणि तिचं येणं थांबलं. आमच्या डोंगरकड्याच्या बायांनी आपापल्या आळीत विचारलं. शेवंता नावाची बाई तिथं कोणालाच ठाऊक नव्हती.

माझी रेघ तिथंच संपत होती. मित्रांनो, मला जे सांगितलं जातं ते मी कधी विसरत नाही. पण जे सांगितलं जात नाही ते मला माहीत नसतं, आणि ते माहीत नाही हेही मला माहीत नसतं. मी पुन्हा पुन्हा तेच नऊ ठिपके दाखवत राहिलो. पुनमनं मला बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जगनची जीप दारात थांबली. त्यानं एक पिशवी पुढे केली आणि सेनगावहून ज्योतीसाठी पाठवली आहे असं सांगितलं. उत्तमराव दारात बसले होते.

"आमच्यात ज्योती कोनी न्हाई," ते म्हणाले. "पुढच्या आळीत इचार."

जगन पिशवी घेऊन वळला, तेवढ्यात घरातून पुनमची नवी वहिनी हात पुसत धावत आली. "मामंजी, मीच की ज्योती," ती हसू दाबत म्हणाली. "लोणचं धाडलं असंल आईनं."

चैत्रात लग्न झालं, तेव्हा परातीतल्या तांदळात अंगठीनं तिचं नाव राजनंदिनी असं लिहिलं होतं. पाच महिन्यांत उत्तमराव आधीचं नाव विसरून गेले होते. ते ओशाळले, सगळे हसले, आणि पुनम हसता हसता थांबली. ती उठून माझ्याजवळ आली आणि तिनं माझं बटण दाबलं. मी खोकत असताना ती उभीच होती.

या वेळी तिनं वेगळा प्रश्न विचारला. नाव सोडून दे. डोंगरकड्यात राहणारी, गोरेगाव माहेर असलेली अशी कोण आहे, जिच्याजवळ एखादं बियाणं आहे पण ते तिला दिल्याची रेघ कुठूनच येत नाही?

मी तीन ठिपके दाखवले. पहिल्या दोघींचं बी भोपळ्याचं होतं. तिसरीचं नाव कमलबाई. दोन वर्षांपूर्वी डोंगरकड्याच्या बायांनी तिची नोंद पाठवली होती. वाणाचं नाव: माहेरची ज्वारी. तिच्याकडून पाच रेघा बाहेर गेल्या होत्या, आत एकही येत नव्हती. दोन वर्षं ते दोन ठिपके माझ्या पोटात शेजारी शेजारी होते, आणि मी त्यांना दोन बाया समजत होतो.

पुनमनं खतीजाबींना बोलावून घेतलं आणि माझ्यासमोरच फोन लावला, आवाज मोठा करून. तिनं विचारलं, "कमलबाई, तुमचं लग्नाच्या आधीचं नाव शेवंता होतं का?"

फोनवरून बाई हळूच म्हणाल्या, "आता पुन्यांदा म्हन की ते."

"शेवंता," पुनम म्हणाली.

"एकतीस वर्षं झाली, या नावानं मला कोनी हाक मारली न्हाई. लेकरायलाबी ठाव न्हाई." आणि मग, "पार्वतीकाकू हाय का गं अजून?"

खतीजाबींनी ओढणीनं डोळे पुसले आणि फोन पुनमच्या हातातून ओढून घेतला. पुढच्या अर्ध्या तासाच्या बोलण्यात बी हा शब्द एकदाच आला.

दसऱ्याच्या पाच दिवस आधी कमलबाई आल्या. डोंगरकड्याहून कळमनुरी, कळमनुरीहून हिंगोली, तिथून जगनच्या जीपनं गोरेगाव. मांडीवर कणसांचं गाठोडं होतं. पुनमनं पार्वतीबाईंना बियाणं तपासायला म्हणून ओसरीवर बोलावलं होतं. त्या आल्या, खतीजाबींना पाहून मागे वळल्या, तोच कमलबाई जीपमधून उतरल्या. पार्वतीबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

"शेवंते," त्या म्हणाल्या, "वाळलीस गं किती."

कमलबाई पायरी चढून वर आल्या, पण गाठोडं त्यांनी पार्वतीबाईंना दिलं नाही. ते खतीजाबींच्या हातात ठेवलं. माझा हिरवा चुडा तुम्ही भरला होता, म्हणाल्या, हे काकूला तुम्हीच द्या.

खतीजाबींनी गाठोडं पुढे केलं. पार्वतीबाईंनी एक कणीस काढलं, दाणे तळहातावर चोळले, फुंकरले, उजेडात धरून पाहिले, एक दाताखाली फोडला आणि डोळे मिटून चावत राहिल्या.

"हीच हाय," त्या म्हणाल्या. मग डोळे उघडून खतीजाबींकडे वळल्या. "शेळी बांधली का?"

"बांधली," खतीजाबी म्हणाल्या. "दोन दाव्यांनी."

"इकू नको आता तिला. चांगली चव हाय तिच्या तोंडाला."

त्या दिवशी संध्याकाळी उत्तमराव स्वतः फडकं घेऊन माझ्यापाशी आले आणि त्यांनी माझा पडदा पुसला. माझ्या जन्मातली सगळ्यात मोठी शाबासकी ती. बंद टीव्हीवर मात्र अजून धूळ आहे.

पुनमनं ते दोन ठिपके एक केले. दोन्ही ठिपक्यांच्या रेघा एकाला जोडल्या आणि कमलबाईंची दोन्ही नावं ठेवली. तिनं मांडणीही बदलली. आता कोणत्याही बाईची नोंद करताना मी दोन नावांसाठी जागा मागतो आणि वहिनीच्या दोन्ही नावांनी मी तिला ओळखतो. कमलबाईंपासून खतीजाबींपर्यंत आणि खतीजाबींपासून पार्वतीबाईंपर्यंत अशा दोन नव्या रेघा आल्या. चिमणसाखर उगवली आहे. या खेपेला बी अकरा गावांत वाटायचं ठरलं आहे, आणि माझ्या पोटातल्या सगळ्या माहितीची एक नक्कल डोंगरकड्यालाही ठेवली आहे, कारण माझा पंखा कायमचा कधी थांबेल हे मलाही ठाऊक नाही.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखा कोणी जुना कोठीत पडला असेल तर त्याची धूळ झाडून पाहा. तो हळू चालेल, पण चालेल. त्याला काही सांगाल ते पुरतं सांगा. आणि आईला, आजीला तिचं आधीचं नाव एकदा विचारा. तिच्यापाशी काय काय असतं, ते त्या नावानं हाक मारल्यावर सापडतं.

एक सांगायचं राहिलं. पुनमनं माझ्यात चांदणीचाही ठिपका केला आहे. चिमणसाखरेपासून तिच्यापर्यंत एक रेघ जाते, तिचं नाव "खाल्लं". माझ्या हजारो रेघांत या नावाची ती एकच आहे. पार्वतीबाई आणि खतीजाबी आल्या की आधी तीच दाखव म्हणतात, आणि हसतात. तुम्ही बियाणं वाळत घालाल तेव्हा शेळी बांधून ठेवा. अशी रेघ एकच पुरे आहे.