अडलेली चिठ्ठी

माझे पूर्ण नाव सागवानी चौकटीचा काळा फळा, मूळचा सायखेड्याचा, हल्ली मुक्काम नाशिक. वय वर्षे एकोणसाठ. मला कोणी शिकवले नाही. अंगावर उमटलेली अक्षरे लावीत मी स्वतःच वाचायला शिकलो, याचा मला अभिमान आहे.

सायखेड्यात ज्यांच्या शिकवणीत मी होतो, त्या गुरुजींची शिकवणी बंद पडल्यावर त्यांच्या मुलाने, शेखरने, मला आपल्या कार्यालयात आणले. तिथे तिघे जण संगणकाच्या प्रणाली लिहितात. त्यांची रीत मला आवडली: दोन आठवड्यांत जमेल तेवढेच काम घ्यायचे, रोज सकाळी माझ्यापुढे उभे राहून दहा मिनिटे बोलायचे आणि दुसऱ्या शुक्रवारी गिऱ्हाइकाला काम चालवून दाखवायचे. माझ्यावर तीन रकाने होते: करायचे, चालू, झाले. एकेका कामाची चिठ्ठी डावीकडून उजवीकडे सरके.

मनालीची एक चिठ्ठी मात्र सरकेना. येवल्याच्या विणकरांसाठी अ‍ॅप चालले होते. मागावरची पैठणी कितपत झाली, हे त्यात नोंदवायचे. नेटवर्क गेले की एकच नोंद दोनदा पडे; ते दुरुस्त करणे हेच त्या चिठ्ठीवरचे काम. मनाली नवी होती, तिची नोकरी अजून कायम व्हायची होती. अडले म्हटले तर नोकरी जाईल, या धास्तीने ती रोज एकच उत्तर देई.

"होतंय सर. उद्या नक्की."

"हिचं उद्या म्हणजे आपली एसटी," तिघांतली तिसरी, हर्षाली, हसे. "आलीच, आलीच!"

मनालीही हसे, पण मग एकटीच माझ्यापुढे उभी राहून त्या चिठ्ठीची चिकटपट्टी दाबीत राही. मला सारे ठाऊक होते, आणि वाचा नव्हती.

शुक्रवारी काम बघायला विणकर खंडेराव आले. अ‍ॅपआधी त्यांनी मलाच न्याहाळले.

"ही चिठ्ठी मागल्या खेपेलाबी हितंच व्हती की!"

मनालीने मान खाली घातली, तसे ते तिच्याकडे वळले.

"पोरी, मागावर धागा तुटला तर आम्ही लगेच हाक मारतो. झाकून विणलं, तर मग अख्खा पदर उसवावा लागतो."

मनालीने चिठ्ठीवर बोट ठेवले. "तुटलाय, काका. पंधरा दिवस झाले. मला जमत नाहीये."

शेखरने खुर्ची ओढली. "पंधरा दिवस? अगं, मग बोलायचं ना! हेच मला गेल्या वर्षी महिनाभर छळत होतं. हर्षाली, तूही ये."

दुपारच्या चहाआधी ती चिठ्ठी 'झाले'मध्ये गेली. मनालीने सोडलेला निःश्वास मला चौकटीपर्यंत जाणवला. माझ्याही उरावरचे ओझे उतरले.

पुढच्या महिन्यात मनालीची नोकरी कायम झाली. माझ्यावर 'अडले' असा चौथा रकाना आखला गेला, आणि त्यात पहिली चिठ्ठी शेखरने स्वतःची लावली.