बाबांचं सफरचंद

बाबांना जाऊन दोन महिने झाले आणि सोसायटीचे सेक्रेटरी अल्पेशभाई टेप घेऊन त्यांच्या झाडाखाली उभे राहिले.

"ताई, अंकल बोले थे, बुटकं कलम आहे, आठ फूटच्या वर नाय जाणार. हे तर बारा झालं! भिंत तोडेल. कापावं लागेल."

सफरचंदाला थंड हवा लागते म्हणून बाबा रोज सकाळी बुंध्याशी बर्फ घालत. आता मी घालते. फळं हिरवीच राहत, तरी लाल होईपर्यंत ते कुणाला हात लावू देत नसत.

डोंगरीहून मासे घेऊन येणाऱ्या लक्ष्मीमावशींनी पाटी उतरवली, एक फळ तोडून खाल्लं आणि टणक बी माझ्या हातावर ठेवली.

"सफरचंद कसलं? ही बोर हाय गो! ॲपल बोर!"

नर्सरीवाल्याचा 'ॲपल' ऐकून बाबांनी पुढचा शब्द ऐकलाच नसावा. चार वर्षं बोरीला बर्फ!

अल्पेशभाई हसत सुटले. "बोर तर छाटली तरी फुटते. वरून छाटू, ठेवू. पण बर्फ बंद करा, ताई."

"बघते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोनच खडे घातले.