दोन अंगठ्यांतून एक

शकुनबाईला कामावरून काढायचं की नाही हे शनिवारी ठरणार होतं, आणि ते माझ्या एका शब्दावर अडलं होतं. मी प्रतिक्षा, दहावी ब, अड्याळ. महिन्याभरापूर्वी वर्गात उत्तर येत असूनही हात वर करत नव्हते. आता हेडसर मला व्हरांड्यात थांबवून विचारत होते, "काय तज्ज्ञ, तयारी झाली?"

झालं असं. नागपूरहून एक मॅडम न्यायवैद्यक विज्ञान शिकवायला आल्या, दोन तासांसाठी. पेन्सिलीच्या शिशाची भुकटी, मऊ ब्रश, सेलोटेप, की काचेवरचा ठसा उचलून थेट कागदावर! मला तर वेडच लागलं. घरातला एक ग्लास सोडला नाही. मॅडम शेवटी काहीतरी महत्त्वाचं सांगत होत्या, पण तेव्हा मी शेजारी बसलेल्या मैत्रिणीच्या, रक्षाच्या नाकाचा ठसा घेत होते.

त्याच आठवड्यात विज्ञान खोलीच्या काचेच्या कपाटातून शाळेचा टॅब चोरीला गेला. मी हेडसरांकडे स्वतःहून गेले. स्वतःहून! काचेवर एक अंगठा मिळाला, अर्धा पुसट. जुळवायला सगळ्यांचे ठसे हवेत म्हणून स्टॅम्पपॅड घेऊन स्टाफरूममध्ये शिरले, तर गणिताचे सर म्हणाले, "आमी सही करतो पोरी. आमाले आंगठा कायले मागतं?" सगळे हसले. मीही हसले. अंगठा म्हणजे ज्याला लिहिता येत नाही त्याचा, हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

मग हजेरीच्या रजिस्टरवर अंगठा देणारे दोघंच उरले. झाडझूड करणारे डोमाकाका आणि खिचडी शिजवणारी शकुनबाई.

"घे बाप्पा," शकुनबाई पदराला हात पुसत म्हणाली. "रेशनच्या मशीनीले तं माया आंगठा ओळखू येत नाही. तुले येते का पाह्य."

मला आला. भिंग लावून तासभर बसले. डोमाकाकांच्या अंगठ्यावर ठळक चक्र, काचेवर तसं काही नाही. शकुनबाईचा घासलेला, काचेवरचाही पुसट, मधलं एक वळण सारखं. "जुळला!" मी ओरडले आणि रिपोर्ट लिहून खाली सही केली. हेडसरांनी गावाच्या ग्रुपवर माझा फोटो टाकला.

दुसऱ्या दिवसापासून शकुनबाईला घरी बसवलं. रक्षा म्हणाली, "तिच्या नातीले पोरं चोट्टी म्हणून राहिले."

"विज्ञान आहे ते. मी काय करू?"

"मंग मॅडमनं सांगतलं तसं केलं का? कोनाचा ठसा हाय ते नाव न पाह्यता जुळवाचं म्हने."

"कधी सांगितलं?"

"तू माया नाक रंगवून राहिली होती तवा."

मी चिडले, म्हटलं घेच माझी परीक्षा. रक्षा बांधावर गेली, धानाच्या रोवणीच्या बाया जेवायला बसल्या होत्या तिथे. सहा अंगठे घेतले, त्यात शकुनबाईचा मिसळला आणि नुसते नंबर टाकून माझ्यापुढे ठेवले. काचेवरच्या ठशाशी ताडून मी पाच नंबर उचलला. "हाच. शंभर टक्के."

रक्षानं वही उघडली, हसायला लागली आणि मधेच थांबली. "हा तुया आईचा हाय वं."

आई शाळेच्या फाटकाच्या आत कधी आली नाही. शकुनबाईचा होता दोन नंबर. तो मी "हा तर नाहीच" म्हणून बाजूला सारला होता.

शुक्रवारी हेडसरांना सांगितलं, सर, माझं चुकलं. त्यांनी माझाच रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. "ही सही कोणाची? जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनाला नाव गेलंय तुझं. आता माघार घेतली तर शाळेचं हसं, तुझंही. उद्या फक्त ‘हो’ म्हण आणि बस."

घरी आईनं भाकर वाढली तर मी तिच्या अंगठ्याकडेच पाहत राहिले.

शनिवारी शाळा समिती बसली. खुर्च्या रिकाम्या होत्या तरी शकुनबाई दाराजवळ खालीच बसली होती. अध्यक्ष भैय्यालालजी म्हणाले, "बोल बेटा, जुळला ना?"

"ह..." एवढं आलंसुद्धा तोंडातून. हेडसरांनी मान हलवली. सगळे माझ्याकडे पाहत होते.

"मले माहीत नाही," मी म्हटलं.

"रिपोर्टात तं शंभर टक्के होतं?"

"तेव्हा वाटलं होतं माहीत आहे." मग मी ते सात कागद मांडले, आईचा कोणता तेही दाखवलं. "आणि अध्यक्षकाका, मी दोघांचेच ठसे घेतले. दोघांतून कोणतातरी एक जवळचा वाटणारच होता. तुमचा घेतला असता तर काय माहीत, तुमचाही वाटला असता."

"पोरगी लयच बोलून राहिली," मागून कोणीतरी म्हणालं.

"मंग टॅब कोनं नेला?" भैय्यालालजींनी विचारलं.

"तेही माहीत नाही."

ते बराच वेळ कागद उलटसुलट करत बसले. शेवटी म्हणाले, "बाईले राहू द्या कामावर." हेडसरांनी माझ्याकडे न बघता फाइल मिटली.

मी धावतच शकुनबाईकडे गेले. "मावशी, झालं!"

"काय झालं?" ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "सोमवारी येईन मी खिचडीले. पन माया दारात आठ दिस झाले, कोनी उभं राह्यलं नाही. ते कोन मिटवन?"

"मी ग्रुपवर लिहिते ना, आत्ताच."

"माया आळीतल्या बायाइजवळ कुठी हाय तो गुरुप? चाल."

आणि ती चालायला लागली. नाही म्हणायला जागाच नव्हती, मी मागे गेले. पहिल्याच घरी बायजाबाई ओट्यावर तांदूळ पाखडत होती. शकुनबाई दोन पावलं मागे उभी राहिली. "सांग."

"मी प्रतिक्षा. मी शकुनमावशीबद्दल जे सांगितलं ना, ते..."

"थांब वं," बायजाबाईनं सूप खाली ठेवलं आणि घरात हाक मारली, "या रे समदे भायेर, मास्तरीन आली!"

सासू आली, दोन सुना आल्या, शेजारचं दार उघडलं. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आळीत अजून बावीस घरं होती.