चांद्याला सांगितलेलं

सासू घरात होती तोवर जयवंताला सासऱ्याशी बोलायची वेळच आली नव्हती. खुशालरावांना काही हवं असलं की ते पार्वताबाईंना सांगत, पार्वताबाई सुनेला सांगत, आणि सुनेचं उत्तर त्याच वाटेनं माघारी जाई. अकोल्याहून अचलपूरकडे जाणाऱ्या वाटेवरच्या त्या गावात घरोघरी हीच रीत होती.

त्या साली कापसाला सोन्याचा भाव आला. ज्याच्याकडे धडधाकट बैल, तो कापूस लादून रेल्वेच्या दिशेनं निघाला. जयवंताचा नवरा किसनही घरची जोडी घेऊन गेला. मागे राहिला चांद्या, जयवंताच्या बापानं लग्नात दिलेला बैल. जुवानं त्याची मान सोलवटली होती. तशात अमरावतीहून सांगावा आला की तिथं दिलेली खुशालरावांची लेक दुर्गा आजारी आहे. पार्वताबाई मिळेल त्या गाडीत बसून गेल्या. घरात उरले सासरा आणि सून.

पहिल्या दिवशी दुपार कलली तरी जेवणाचं कोणी कोणाला म्हणेना. शेवटी खुशालराव गोठ्यात जाऊन मोठ्यानं म्हणाले, "चांद्या, लय भूक लागली बावा. भाकर झाली असंन तं जेवून घेतो."

जयवंतानं लगेच ओसरीवर ताट आणून ठेवलं.

मग तसंच सुरू झालं. "चांद्या, आज वावरातून यायले उशीर होईन." "चांद्या, वरणात मीठ कमी पडलं का रे?" जयवंता कान देऊन ऐकायची. तिला काही सांगायचं असलं की ती जात्याशी बोलायची, "ज्वारी सरत आली व बाई." सकाळी टोपलंभर ज्वारी दारात असायची.

पण ताटात भाकर उरली तर ती का उरली, हे कळायचं नाही. किसनची काही खबर आली का, हे तर जात्याला विचारायचीही लाज वाटायची. चुलीपुढे बसली की तिचे डोळे भरायचे, आणि धुराचं निमित्त सांगायलाही कोणी नव्हतं.

एका संध्याकाळी गोठ्यातून सासऱ्याचा आवाज आला. "दाण्यापाण्यावरून मन उडालं तुह्यं. इथं ठेवून काय फायदा? सकाळी अचलपूरले नेऊन सोडतो. जिथून आणलं तिथंच बरं."

जयवंताच्या हातातली परात तशीच राहिली. अचलपूर तिचं माहेर.

सकाळी चांद्याला दाव्यानं धरून खुशालराव अंगणात आले, तर सून हातात गाठोडं घेऊन उभी. डोळे सुजलेले.

"चांद्या..." त्यांनी सवयीनं सुरुवात केली आणि थांबले. मग सरळ तिच्याकडे पाहून म्हणाले, "कुठं चालली वो पोरी?"

"तुमीच तं म्हनलं, अचलपूरले सोडतो." ती म्हणाली. "मायं काय चुकलं थे तरी सांगा, मामाजी."

खुशालराव पायरीवर बसले. "अवो, मी खरंच बैलाले म्हनून रायलो होतो! त्याची मान चिघळली, खाणं सुटलं. तुह्या बापाले ढोराची दवा समजते, म्हून नेऊन रायलो."

जयवंतानं चांद्याच्या मानेकडे पाहिलं. हसावं की रडावं, तिला कळेना.

"आन् किसन सुखरूप हाय," ते घाईघाईनं म्हणाले. "परवा गाडीवाल्यानं निरोप देल्ला. चांद्याले सांगतलं होतं मी. तू पाण्याले गेली असशीन."

"बैलाले सांगतलं!" ती गाठोड्यावर बसली आणि पदरात तोंड घालून रडू लागली. खुशालराव अवघडून बसून राहिले. पाठीवर हात ठेवणं रीतीत बसत नव्हतं. त्यांनी आतून पाण्याचा तांब्या आणून तिच्यापुढे ठेवला. तिचं रडं ओसरल्यावर हळूच म्हणाले, "तू बी चाल. बापाले भेटशीन. वाटेनं मले सोबत होईन."

दोघं बैलामागून निघाले. आधी एकेक शब्द, मग किसनच्या लहानपणच्या खोड्या, मग तिच्या माहेरची माणसं. अचलपूर येईस्तोवर खुशालरावांचा घसा बसला होता.

दुर्गाला उतार पडल्यावर पार्वताबाई परतल्या. दारातूनच त्यांना आवाज ऐकू आले. विहिरीमागे वांगी लावायची की मिरची, यावरून सासरा आणि सून समोरासमोर वाद घालत होते. पार्वताबाई खाकरल्या.

जयवंतानं चटकन पदर पुढे ओढला. "पण मामाजी, मिरचीले थे जागा ओली पडते," ती म्हणाली, आणि मग सासूच्या पाया पडायला वळली.