सोन्याच्या छावणीचा उंबरठा

परवा माझ्या तंबूत एक व्यापारी दूध प्यायला टेकला. म्हणाला, "आजी, तुमच्या राज्याला सोन्याची छावणी का म्हणतात हो?"

"आम्ही नाही म्हणत," मी म्हटलं. "आमचं आपलं थोरलं राज्य. खानाचा तंबू उभा राहील तिथे छावणी. आणि सोनं म्हणशील तर ते माझ्या नवऱ्याने चढवलेलं."

तो हसला. म्हातारी फुशारकी मारतेय, असं वाटलं असेल.

माझा बोरोल्दाय खानाच्या तंबूच्या खांबांना सोन्याचा पत्रा लावायचा. जोडीला कोज्मा, रूसमधून धरून आणलेला सोनार. दिवसभर दोघांची जुंपलेली.

"हात आहे की अस्वलाचा पंजा?"

"तू आधी स्वतःचं नाक बघ!"

संध्याकाळी मात्र एकाच वाडग्यातून प्यायचे.

शेवटचा पत्रा दाराच्या चौकटीवर बसवताना कोज्मा शिडीवरून घसरला. बोरोल्दायने धावत जाऊन त्याला झेललं, आणि दोघांचेही पाय उंबरठ्यावर पडले. खानाच्या उंबरठ्याला पाय लागला की मरण. आमच्याकडे रांगत्या पोरालाही हे माहीत असतं.

कोज्माला लगेच सोडलं. परका माणूस, त्याला काय ठाऊक!

पहाऱ्यावरचा नायक भला होता. बोरोल्दायजवळ जाऊन हळूच म्हणाला, "अरे, प्यायला होतास ना? ध्यानात आलं नाही ना तुझ्या? हो म्हण की, सुटशील."

मी गर्दीत हात जोडून उभी होते. म्हण रे, एकदा म्हण.

"पिऊन खानाच्या दाराला हात लावीन होय मी?" बोरोल्दाय म्हणाला. "ठाऊक होतं मला. पण माणूस पडत होता."

दुपारपर्यंत सगळं संपलं. त्याचा डगला तेवढा मला दिला. बाहीला सोन्याचा चुरा होता.

अजून राग येतो मला त्याचा. जन्मभर माझ्याशी लहानसहान खोटं बोलला, मग त्याच दिवशी जीभ का जड झाली मेल्याची? कोज्मा पुढे कैदेतून सुटून घरी गेला. तिकडे त्याने त्या तंबूचं इतकं वर्णन केलं की लोकांनी राज्यालाच ते नाव दिलं. बोरोल्दायचं नाव कुणी घेत नाही.

व्यापारी उठला आणि जाताना माझ्या उंबरठ्यावर त्याचा पाय पडला. मी किंचाळलेच. तो बिचारा कान धरून म्हणाला, "चुकलं आजी. ठाऊक नव्हतं मला."

एवढंच, एवढंच म्हणायचं होतं रे माझ्या बोरोल्दायला.