रुसायची सोय

घरातल्या आतल्या भिंती पाडायचं ठरलं तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पाड बाई, पाड. भिंतीला पाठ टेकून बसणारी माणसं तेवढी कुठे ठेवायची ते सांग." सुनेनं ते हसण्यावारी नेलं. सून आर्किटेक्ट. नऊ वर्षं एका बड्या ऑफिसात नोकरी केली, आणि नऊ वर्षं साहेबांनी तिला फक्त संडास काढायला दिले. विमानतळाचे संडास, इस्पितळाचे संडास, एका बँकेचे तर चक्क दोन मजली संडास! एके दिवशी तिचं डोकं फिरलं आणि तिनं राजीनामा फेकला. साहेब गालात हसून म्हणाले, "आजपासून चौथ्या सोमवारी महिना होईल. तोपर्यंत तुमची खुर्ची रिकामी ठेवतो." हे काही प्रेमानं म्हटलेलं नव्हतं.

त्या महिन्यात तिनं स्वतःच्या घराचं मैदान करून टाकलं. छताला उभे-आडवे रूळ बसवले आणि त्यांना पाच पांढऱ्या सरकत्या भिंती टांगल्या. पाहुणे आले, ओढा भिंत, झाली खोली. पाहुणे गेले, ढकला भिंत, झालं अंगण. भिंतींना भिंती जोडायला खटके होते, तेही फक्त आतल्या बाजूनं. पोरं एकमेकांना बाहेरून कोंडून ठेवतात, तसं होऊ नये म्हणून. कारण हे सगळं चाललं होतं एका शाळेसाठी. शाळेची नवी इमारत व्हायची होती, आणि मुख्याध्यापिका बाईंनी तिचे नकाशे बघून मान हलवली होती. "कागदावर सगळंच छान दिसतं हो. जिथे खरीखुरी माणसं राहतात असं काहीतरी दाखवा." सून म्हणाली, "माझं घरच बघायला या. शनिवारी, अकरा वाजता."

शनिवार उजाडला. शाळा मिळाली तर मिळाली, नाहीतर सोमवारी पुन्हा विमानतळ.

सून आंघोळीला गेली होती. नवरा खिडकीपाशी उभा राहून मित्राशी फोनवर अगदी हळू आवाजात बोलत होता. "झोप कुठली रे? आई घोरते ना. पूर्वी मधे भिंत तरी होती." आता या घरात हळू आवाज म्हणजे काय, तर या टोकाला कुजबुजावं आणि त्या टोकाला शब्दन् शब्द धुऊन पुसून पोचावा. त्या टोकाला सासूबाई भाजी चिरत होत्या.

"मी? मी घोरते?"

इथे सासऱ्यांनी गप्प बसायचं. पण सासरे आयुष्यभर कोर्टात कारकुनी केलेले, पुराव्याशिवाय त्यांना राहवत नसे. त्यांनी शांतपणे मोबाईल काढला आणि रेकॉर्डिंग लावलं. कोणीतरी फरशीवरून लोखंडी कपाट ओढत न्यावं, मधेच दम खावा आणि पुन्हा ओढावं, असा तो आवाज. तारीख आणि वेळसुद्धा सासऱ्यांनी आधी बोलून ठेवली होती.

सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. उठल्या, तरातरा चालत आपल्या खोलीच्या दाराशी गेल्या आणि कडीला हात घातला. दार नव्हतं. कडी नव्हती. खोलीच नव्हती! हात तसाच हवेत राहिला. चाळीस वर्षांत त्यांचा रुसवा कधी असा उघड्यावर पडला नव्हता.

तेवढ्यात नवरा फिसकन हसला. मूर्खच तो!

सासूबाईंनी पहिली भिंत ओढली. मग दुसरी. मग तिसरी, चौथी आणि पाचवी. खट, खट, खट, आणि सगळं चिडीचूप.

सून डोक्याला पंचा गुंडाळून बाहेर आली तर समोर अख्खं घर मोकळं, आणि बरोब्बर मधोमध एक भलामोठा पांढरा डबा.

"हे काय?"

"आई रुसलीय," नवरा म्हणाला.

"पाचही भिंती घेऊन?"

मग विनवण्या सुरू झाल्या. नवरा डब्याशी जाऊन म्हणाला, "आई, चुकलं माझं." आतून उत्तर आलं, "कोण आई?" सासरे पुढे झाले. "अगं, तो आवाज माझाही असू शकेल."

"पुरावा आणा!"

सुनेनं फटीत पट्टी घालून बघितली, स्क्रू ड्रायव्हर घालून बघितला. खटका ढिम्म हलेना. काम पक्कंच केलं होतं तिनं, स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घ्यावा इतकं पक्कं.

ठीक अकराला बेल वाजली. मुख्याध्यापिका बाई आत आल्या, चष्मा सावरून त्यांनी चहूकडे पाहिलं.

"भिंती कुठायत?"

"आहेत," सून म्हणाली. "सध्या सगळ्या एकाच ठिकाणी आहेत."

"आणि आत काय आहे?"

"माझी बायको," सासरे म्हणाले.

सुनेला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ती तशीच डब्यापाशी खाली बसली आणि तिच्या तोंडून खरं तेच बाहेर पडलं. "आई, मी इस्त्रीच्या टेबलाला जागा केली, छत्र्यांना केली, झाडूला केली. तुम्हाला रागवायला जागा केली नाही. चुकलंच माझं. पण आत्ता बाहेर या हो, नाहीतर माझं सगळं संपलं."

आत चुळबूळ झाली. "बरोबर कोण आहे?"

"शाळेच्या मुख्याध्यापिका बाई."

बाई स्वतःच डब्याजवळ गेल्या आणि भिंतीला कान लावून त्यांनी विचारलं, "आत कसं वाटतं हो?"

"शांत."

"शांत?" तहानलेल्या माणसानं पाणी म्हणावं तसं बाई म्हणाल्या. "माझं ऑफिस काचेचं आहे. सव्वीस वर्षं शिक्षक, पालक, पोरं, सगळे येता-जाता बघत असतात. साधी जांभई देता येत नाही मला. मी आत येऊ का?"

खट झालं. एक हात बाहेर आला, बाईंना आत ओढून घेतलं, आणि पुन्हा खट.

बाहेर तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे. आधी कुजबूज ऐकू आली, मग नाक शिंकरल्याचा आवाज, मग हसणं. फटीतून हुकूम आला, "दोन चहा." थोड्या वेळानं, "कागद, पेन्सिल, आणि एक उशी." सून मुकाट्यानं आणून देत होती आणि घड्याळ बघत होती.

बारा वाजता बाई बाहेर आल्या. चेहरा कसा टवटवीत!

"काम तुमचं," त्या म्हणाल्या. "वर्ग सरकते ठेवा, हॉल मोकळा ठेवा, काय हवं ते करा. पण प्रत्येक मजल्यावर रागवायची एक छोटी खोली हवी. शिक्षकांना, पोरांना, मलासुद्धा. नकाशा आम्ही दोघींनी काढलाय, तसाच घ्या." निघताना दारात थांबून म्हणाल्या, "तुमच्या सासूबाईंना दृष्टी आहे हो. त्यांचं ऐकत जा जरा."

दार लागलं. नवरा नाचायलाच लागला. "मिळालं! काम मिळालं!"

सुनेच्या हातात तो कागद होता. रेघा वाकड्या, दार उघडणार भलत्याच बाजूला. नऊ वर्षं घासली, नोकरी सोडली, राहतं घर फोडलं, रूळ टांगले तिनं. आणि दृष्टी कोणाला, तर सासूबाईंना! आनंद झाला होता, खूप झाला होता, पण गोड घासात खडा लागावा तसं झालं.

"अगं, तोंड का पाडलंस?" नवऱ्यानं विचारलं.

"काही नाही." तिनं कागद खाली ठेवला, तरातरा निघाली आणि घराच्या मधोमध येऊन थांबली. इकडे स्वयंपाकघर, तिकडे सोफा. जायचं कुठे?

सासूबाई डब्याच्या दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. त्यांनी सुनेचं तोंड नीट न्याहाळलं, आतली उशी झटकली आणि बाजूला झाल्या.

"ये, बस इथे. खटका नीट लाव. अर्ध्या तासानं मी हाक मारायला येईन," त्या हळूच म्हणाल्या, "पण पहिल्या हाकेला बाहेर यायचं नाही हं."