बिनकांद्याचं

ऑम्लेटच्या तुकड्यात कांदा नव्हता. फुएन्सिस्लानं काट्यानं एक थर उचलून पाहिला. बटाटा, अंडं, पुन्हा बटाटा... स्पेनमधल्या सोरियाच्या या माळावर बिनकांद्याचं ऑम्लेट करणं म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणं, आणि इथं हा गुळगुळीत, आजाऱ्याला वाढावा तसा पिवळा तुकडा न मागताच समोर येऊन बसला होता.

"मी अजून काही सांगितलंच नव्हतं," ती म्हणाली.

"तुझ्या नवऱ्यानं सांगितलंय ना." खानावळवाली कासिल्दा हात पुसत म्हणाली. "पांढरी गाडी घेऊन आले होते मघाशी. निळ्या सायकलवर बायको येईल, कांदा घालू नका, तिला पित्त होतं. पैसेही देऊन गेले. नशीब काढलंस हो पोरी. आमचा मेला, मी तिरडीवर असले तरी जेवण कुठाय विचारील."

कोपऱ्यात पत्ते कुटणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी एक म्हणाला, "असा नवरा मिळत असेल तर मीही सायकल चालवीन." बाकीचे खोकत हसले.

फुएन्सिस्लानं काटा खाली ठेवला. नवऱ्यानं, एवेलिओनं, घरच्या स्वयंपाकघरात उभं राहून शब्द दिला होता: जा, सायकलवरून समुद्रापर्यंत एकटी जा, मी सेगोव्हियातलं घर सोडणार नाही. आणि हा पुढे पुढे गाडी हाकतोय, माझ्या वाटेवरचे खडे वेचत... म्हणजे कालच्या मुक्कामावरची ती मऊ उशीसुद्धा! रात्री तिच्यावर डोकं टेकताना वाटलं होतं, लोक किती चांगले असतात. आता मानेला त्या उशीचा स्पर्श आठवून शिसारी आली. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला काय मागायचं होतं? कुणीही पाहत नसलेला एक दिवस. एवढंच. तेही यानं आधी चाखून, चावून, मऊ करून माझ्या तोंडात घातलं.

तुकडा तसाच टाकून ती उठली. फाट्यावर ठरलेला डांबरी रस्ता सोडून तिनं डावीकडची मातीची वाट धरली आणि फोन बंद करून टाकला. दोन्ही बाजूंच्या कापलेल्या शेतांवर खत म्हणून डुकरांचा पातळ मळ सोडलेला होता—तो वास नाकातून घशात, घशातून पोटात उतरत होता—तरी तिला बरं वाटत होतं, कारण ही घाण तरी एवेलिओनं मांडून ठेवलेली नव्हती.

पुढच्या गावातली खानावळ दुपारच्या झोपेसाठी बंद होत होती.

"कांद्याचं ऑम्लेट आहे?"

"दुसरं कुठलं असतं, बाई?" मालक खुर्च्या उलट्या ठेवता ठेवता म्हणाला.

तिनं दोन तुकडे उभ्यानंच खाल्ले, बोटं चाटली, पैसे स्वतः दिले. वा! मालकानं तिच्याकडे नीट पाहिलंही नाही, आणि तेच तिला सगळ्यांत आवडलं.

गावापुढचा चढ अर्धा झाला असेल... पहिली ढेकर आली. मग आंबट पाणी, छातीत जाळ. ती उतरली, हँडलवर वाकली, थुंकली. पित्त. म्हणजे त्याचं खरंच होतं, त्या माणसाला माझं पोटसुद्धा माझ्यापेक्षा जास्त कळतं... याच्यापेक्षा किळसवाणी दुसरी गोष्ट जगात नसेल. गाडीच्या पुढच्या कप्प्यात तो माझ्या गोळ्या ठेवतो. हे आत्ता कशाला आठवावं?

मागून इंजिनाचा आवाज आला.

तिनं वळून पाहिलं नाही. ओरडायचं, सगळं बोलायचं, परत पाठवायचं, असं ती ठरवत होती—आणि त्याच वेळी आत कुठंतरी काहीतरी सैल पडत होतं, खांदे आपोआप उतरत होते, जीभ त्या गोळीची गोड चव शोधत होती. आवाज जवळ आला, शेजारून गेला. मळाची टाकी ओढणारा ट्रॅक्टर होता. मागे ओला, दाट वास उरला.

ती त्या वासात उभी राहिली. आपला हिरमोड झालाय हे तिला कळलं, आणि आता किळस एवेलिओची येत नव्हती.

तोंड पुसून ती पुन्हा सायकलवर बसली. चढ अजून बराच होता. कान मात्र मागेच लागून राहिले होते.